काटा ६६० वर : नवाहो रेझच्या जुन्या बँडांच्या वाटेने सहा दिवस

फिनिक्स आणि चँडलरकडची मराठी मंडळी शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढतात आणि अँटिलोप कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली करून येतात. दोन्ही ठिकाणं नवाहो नेशनमध्ये आहेत. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव भागाएवढा, सुमारे २७ हजार चौरस मैलांचा हा प्रदेश अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा अशा तीन राज्यांत पसरला आहे. तिथले लोक स्वतःला दिने म्हणवतात. प्रदेशाला मात्र रोजच्या बोलण्यात ‘रेझ’ म्हणतात, रिझर्व्हेशनचं घरगुती रूप.

या रेझचं संगीत म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या कानात बासरी वाजते. बासरी आहेच. पण आज साठी-सत्तरीत असलेल्या दिने माणसाला तरुणपणीचं संगीत विचारलं, तर चित्र बहुतेक वेळा वेगळं निघतं : चॅप्टर हाउसचा, म्हणजे गावच्या समाजमंदिराचा हॉल, दोन इलेक्ट्रिक गिटार, एक बेस, एक ड्रमसेट आणि शनिवारी उशिरापर्यंत टू-स्टेप हा जोडीनाच. फोर्ट विंगेटचे विंगेट व्हॅली बॉइज, थोरो गावचे फेंडर्स, चार राज्यं मिळतात त्या फोर कॉर्नर्सच्या भागातले नवाहो सनडाउनर्स. ही मंडळी कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातली लोकप्रिय गाणी वाजवायची. त्यातली बरीच गाणी मर्ल हॅगर्ड, वेलन जेनिंग्ज या नामांकित गायकांची. म्हणून बाहेरचे अभ्यासक कितीतरी वर्षं या बँडांकडे नक्कल म्हणून पाहत राहिले. हा अन्याय आहे, आणि तो कसा, हे रस्त्यावर उतरल्याशिवाय नीट कळत नाही.

जाण्याचा उत्तम काळ म्हणजे अमेरिकेतल्या कामगार दिनानंतरचा आठवडा, सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. त्या आठवड्यात विंडो रॉकला नवाहो नेशनची जत्रा भरते. हॉटेलं मोजकी आहेत आणि जत्रेच्या आठवड्यात ती भरलेली असतात, त्यामुळे चिनली आणि गॅलपच्या खोल्या तीन-चार महिने आधी घ्याव्यात.

पहिला दिवस, मंगळवार : फिनिक्स ते ट्यूबा सिटी

भाड्याची गाडी ठरवताना पहिली चौकशी एएम रेडिओची करायची. बऱ्याच विजेवरच्या गाड्यांत एएम नसतो, कारण मोटरची खरखर नेमकी त्याच पट्ट्यात येते. शिवाय रेझवर चार्जिंगची सोय विरळ आहे. पेट्रोलची गाडी घ्यावी, आणि टाकी अर्धी झाली की भरून टाकावी. ट्यूबा सिटी, गनाडो, चिनली, शिपरॉक, विंडो रॉक इथे पंप आहेत, मधल्या पल्ल्यांवर भरवसा ठेवू नये.

निघण्यापूर्वी फिनिक्सचीच एक गोष्ट. १९५१ साली याच शहरात रे आणि मेरी बोली या जोडप्याने कॅन्यन रेकॉर्ड्स ही कंपनी काढली, आणि तिची पहिली ध्वनिमुद्रिका होती एड ली नाताय या नवाहो गायकाची. पुढे याच कंपनीने आर. कार्लोस नाकाई यांची बासरी जगभर नेली. नाकाई फ्लॅगस्टाफला १९४६ साली जन्मले, नवाहो आणि यूट अशा दोन्ही वंशांचे. त्यांच्या १९८९ सालच्या ‘कॅन्यन ट्रिलजी’ला आधी गोल्ड आणि नंतर प्लॅटिनमचा मान मिळाला. बाहेरच्यांच्या कानात बासरी बसली ती इथून.

फिनिक्स ते फ्लॅगस्टाफ १४५ मैल आणि जवळजवळ सहा हजार फुटांची चढण. फ्लॅगस्टाफ हे ब्लॅकफायरचंही गाव. बेनाली घराण्यातली तीन भावंडं, जेनेडा, क्लेसन आणि क्ली, यांनी इथे पंक रॉक वाजवलं. वडील पारंपरिक गायक, त्यामुळे गिटारच्या गदारोळात मधेच घरची लय सापडते. क्ली २०२३ मध्ये गेले. जेनेडा आणि क्लेसन यांनी दोघांचाच सिहासिन हा बँड काढला, नुसत्या बेस आणि ड्रमवर उभा.

फ्लॅगस्टाफहून ८९ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला निघालं की कॅमेरूनच्या अलीकडे रेझची हद्द लागते. इथे एएम ६६० लावायचा. हे केटीएनएन, विंडो रॉकचं स्टेशन, १९८६ पासून चालू, ताकद ५० हजार वॉट. निवेदन दिने भाषेत आणि इंग्रजीत आलटून पालटून, गाणी कंट्री, आणि मधेच नुसत्या ढोलावरचं पारंपरिक सामूहिक गाणं. या दोन प्रकारांमध्ये निवेदक क्षणभरही थांबत नाही. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ते दोन वेगळे कप्पे नाहीतच, हे पहिल्याच तासात कानावर येतं.

आवाजात किर्र असेल तर आधी फोनचा चार्जर उपटून पाहा, दहातल्या आठ वेळा दोष त्याचाच असतो. उरलेल्या वेळी रस्त्याशेजारून विजेच्या तारा जात असतात आणि दोन मैलांत आवाज आपोआप निवळतो. सूर्य मावळला की वरच्या वातावरणातून लहरी परतायला लागतात आणि हे स्टेशन पश्चिमेत शेकडो मैलांवर लागतं. न्यूयॉर्कचं एक जुनं मोठं स्टेशनही ६६० वरच असल्याने रात्री केटीएनएनला आपला झोत ठरावीक दिशांनाच वळवावा लागतो. म्हणून एकाच अंतरावरच्या दोन गावांत रात्रीचा आवाज सारखा येत नाही.

मुक्काम ट्यूबा सिटी. इथे घड्याळाची गंमत आहे आणि ती महागात पडू शकते. अ‍ॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नवाहो नेशन करतं, आणि नवाहोंच्या मधोमध असलेला होपी या दुसऱ्या आदिवासी लोकांचा प्रदेश करत नाही. ट्यूबा सिटीतून रस्ता ओलांडून मोएनकोपीला गेलं की तास बदलतो. फोनचं घड्याळ टॉवर पाहून उड्या मारतं. मनगटी घड्याळ नवाहो वेळेला लावून ठेवावं आणि सहा दिवस त्यालाच मानावं.

दुसरा दिवस, बुधवार : ट्यूबा सिटी ते चिनली

२६४ नंबरचा रस्ता होपींच्या तीन मेसांवरून, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांवरून जातो. होपी गावांत चित्रीकरण, ध्वनिमुद्रण, रेखाटन यांना मनाई आहे, ती अक्षरशः पाळायची. संगीताचा धागा मात्र इथेही आहे, आणि तो अनपेक्षित आहे : होपींना जमैकाचं रेगे संगीत मनापासून आवडतं. किकोत्समोवीच्या सभागृहात १९८० च्या दशकापासून जमैकाचे कलाकार येऊन गायले. मका पिकवणारी, पावसासाठी प्रार्थना करणारी ही माणसं, आणि दूरच्या बेटावरचं जमिनीची आणि मुक्तीची गाणी गाणारं संगीत. जुळलं यात नवल नाही. जमैकाच्या किंग्स्टनची हवा होपी मेसावर आणि कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलची नवाहो खोऱ्यात, असा हा शेजार आहे.

कीम्स कॅन्यन ओलांडून पुन्हा नवाहो हद्दीत आलं की गनाडो. इथली हबेल ट्रेडिंग पोस्ट १८७८ पासूनची, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. पुढचा भाग अजून दुकानच आहे : उंच काउंटर, फळकुटांची करकरणारी जमीन, छताला टांगलेल्या टोपल्या आणि खोगीर-सामान. लोकर, गालिचे, दागिने द्यायचे आणि पीठ, कॉफी, कापड घ्यायचं, असा इथला व्यवहार. रेकॉर्डचं वेगळं दुकान शेकडो मैलांत नसायचं, म्हणून अशा पोस्टांमधूनच ध्वनिमुद्रिका विकल्या गेल्या.

कंट्री संगीतच का, या प्रश्नाचं उत्तर या काउंटरपाशी उभं राहिलं की बरंचसं मिळतं. मेंढ्या, घोडे, गुरं हे इथल्या घरांचं धन. रोडिओ, म्हणजे बिथरलेल्या घोड्या-बैलांवरची स्वारी, हा इथला खेळ. पुरुष सांता फे रेल्वेच्या रुळांवर कामाला जायचे, मुलं घरापासून दूर निवासी शाळांत. आणि रात्री बॅटरीवरच्या रेडिओवर दूरच्या स्टेशनांतून यायची ती गुरं, रेल्वे, तुरुंग, दारू, लांब राहिलेलं घर यांची गाणी. ती गाणी ऐकणाऱ्याच्या रोजच्या जगण्याबद्दल होती. बूट, रुंद पट्टा आणि टोपी हा गाण्याबरोबर आलेला पोशाख नव्हे, तो कामाचा पोशाख आधीच अंगावर होता.

गनाडोहून चिनली सुमारे ३८ मैल. संध्याकाळी भुकेला मटण स्ट्यू घ्यावं : मेंढीचं मटण, बटाटा, गाजर, मसाला जवळजवळ नाही, पातळ रस्सा. सोबत तळलेली फ्राय ब्रेड. शाकाहारी माणसाने फ्राय ब्रेड कशात तळली आहे ते विचारून घ्यावं, काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात.

तिसरा दिवस, गुरुवार : चिनली ते फार्मिंग्टन

कॅन्यन डी शेच्या उत्तर काठाने सैलीला जायचं. दिने कॉलेज इथलं, १९६८ साली स्थापन झालेलं, आदिवासी राष्ट्राने स्वतः चालवलेलं अमेरिकेतलं पहिलं कॉलेज. पुढे लुकाचुकाईहून १३ नंबरचा रस्ता डोंगर ओलांडतो. चढ आणि वळणं तीव्र आहेत, डांबर आहे, हिवाळ्यात बर्फामुळे अडतो. माथ्यावरून पलीकडे उतरताना शिपरॉकचा काळा सुळका एकटा उभा दिसतो.

शिपरॉकची जत्रा ऑक्टोबरच्या सुरुवातीला असते. तिच्यासोबत येबिचाय हा नऊ रात्रींचा विधी येतो. हे गाणं पहिली थंडी पडल्यानंतरच गायचं, उन्हाळ्यात नाही. बुटांत वस्तू लपवून खेळायच्या खेळाची गाणी हिवाळ्याची, न्दाआ विधीची गाणी उन्हाळ्याची. दिने संगीताला ऋतूंचं बंधन आहे आणि ते आजही पाळलं जातं. विधी पाहायला बसू दिलं तर फोन खिशातच राहिला पाहिजे.

या न्दाआच्या गाण्यांपैकी नाचाची, सगळ्यांसमोर गाण्याजोगी गाणी वेगळी निघाली आणि ‘साँग अँड डान्स’ नावाचा प्रकार रूढ झाला. शाळेच्या किंवा चॅप्टरच्या हॉलमध्ये गायकांचा गट हातातल्या ढोलांवर गातो, जोड्या पाठीवर क्रमांक लावून फेर धरतात, वयोगटाप्रमाणे बक्षिसं असतात. नाच दोन : टू-स्टेप आणि स्किप. बऱ्याचदा एखाद्या शाळकरी संघासाठी निधी उभारायला हा कार्यक्रम ठेवतात. इथे थोडं थांबून ऐकायला हवं. या टू-स्टेपच्या ढोलाचा ठेका दोन-दोन असा सरळ चालतो, आणि कंट्री बँडचा ड्रमरही नाचाच्या गाण्यांत तोच सरळपणा राखतो. लय जराही ओढत नाही, सजावट कमी, पाय पडला पाहिजे हे पहिलं. मूळ गाणं नॅशव्हिलचं असलं तरी ते रेझच्या बँडकडून ऐकताना वेगळं लागतं, त्यामागचं एक कारण हे असावं. नकलेचा आरोप करणाऱ्यांनी बहुधा गायकाकडे लक्ष दिलं, ड्रमरकडे नाही.

शिपरॉकहून फार्मिंग्टन २८ मैल. इथलं ९६० एएम, केएनडीएन, जवळजवळ पूर्ण दिने भाषेत चालतं. त्याचा ‘ओपन माईक’ प्रसिद्ध आहे : माणसं स्टेशनात येतात आणि स्वतःच्या तोंडाने निरोप देतात. मेंढी हरवली, अमक्याच्या घरी विधी आहे, मावशीला दवाखान्यातून आणायचं आहे. भाषा समजत नसली तरी मधेच येणारी गावांची आणि बँडांची नावं ओळखू येतात.

फार्मिंग्टन आणि गॅलप ही हद्दीबाहेरची गावं. नवाहो नेशनमध्ये दारू विकणं, बाळगणं दोन्ही बेकायदा आहे, गाडीच्या डिकीतली बंद बाटलीही चालत नाही. त्यामुळे बँडांचे दोन फेरे तयार झाले. हद्दीबाहेरचे बार, जिथे पैसे बरे पण मारामाऱ्या आणि रात्रीचा परतीचा रस्ता धोक्याचा. आणि हद्दीच्या आतली चॅप्टर हाउसं, शाळांचे जिमखाने, रोडिओची मैदानं, जिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे यायचे. आठवणी निघतात त्या बहुतेक दुसऱ्या फेऱ्यातल्या. नवाहो नेशनचे ११० चॅप्टर आहेत. चॅप्टर हाउस म्हणजे आपल्याकडची ग्रामपंचायत आणि समाजमंदिर एकाच छपराखाली.

चौथा दिवस, शुक्रवार : फार्मिंग्टन ते गॅलप

शिपरॉक ते गॅलप ९३ मैल, ४९१ नंबरचा रस्ता. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ६६६ येतं, २००३ मध्ये क्रमांक बदलला. रस्ता सरळ आहे, वारा आडवा येतो आणि संध्याकाळनंतर गुरं रस्त्यावर येतात. अंधार पडायच्या आत गॅलप गाठावं.

गॅलपमध्ये गहाणवटीची दुकानं पाहायची ती गिटारांसाठी. पिरोज्याचे हार आणि खोगिरं यांच्या शेजारी गिटार आणि अ‍ॅम्प टांगलेले असतात. गहाण अजून चालू असेल तर ते ‘लाइव्ह पॉन’, विकत मिळत नाही. मुदत टळून दुकानाचं झालं की ‘डेड पॉन’. गिटार गहाण टाकायची आणि कार्यक्रमाआधी सोडवायची, ही कसरत अनेक बँडांनी केलेली आहे.

टेलिकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीच्या भरीव इलेक्ट्रिक गिटारच्या घाटाची गिटारं इथे जास्त दिसतात. त्याला आवडीइतकंच हवामानही कारण आहे. गॅलप साडेसहा हजार फुटांवर, विंडो रॉक त्याहून थोडं वर. हवा कोरडी. आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली गेली की पोकळ लाकडी गिटारची वरची फळी आत बसते, सांधे तडकतात. सगळ्या गिटारांच्या मानेचं लाकूड आक्रसतं आणि धातूच्या पडद्यांची टोकं कडेने बाहेर येतात, हात फिरवला की बोचतात. भरीव लाकडाची, मान स्क्रूने जोडलेली टेलिकास्टर हे सगळं सोसते. मानेचा कोन बिघडला तर घरीच सोडवून पातळ पाचर घालता येते. जुनी गिटार पाहताना म्हणून आधी मानेच्या कडेवरून बोट फिरवायचं, मग डोळा लावून मान सरळ आहे का ते बघायचं, आणि आवाजाची खुंटी फिरवून पाहायची. खरखरली तर घाबरू नये. आत लाल धूळ आहे एवढाच त्याचा अर्थ, संपर्क साफ करायचा फवारा मारला की बहुधा जाते.

पाचवा दिवस, शनिवार : गॅलपचा बाजार, विंडो रॉकची रात्र

जत्रेच्या शनिवारी सकाळी विंडो रॉकला मिरवणूक निघते. तीही सुंदर असते, पण जागा धरायला पहाटे जावं लागतं. जुन्या बँडांसाठी आलेल्या माणसाने माझ्या मते मिरवणूक सोडावी आणि गॅलपच्या शनिवारच्या बाजारात जावं. मटण, भाजलेली कणसं, जडीबुटी, गवताच्या पेंढ्या, जुनी हत्यारं यांच्या रांगांत कधी एखाद्या खोक्यात कॅसेटी सापडतात. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बँड स्वतःच कॅसेट काढायचे आणि जत्रेत, बाजारात, गाडीच्या मागच्या फळीवर मांडून विकायचे. प्रती थोड्या, नोंद कुठेच नाही. त्यामुळे इथे हातात आलेली एक कॅसेट कदाचित त्या कार्यक्रमाची शेवटची खूण असते.

कॅसेट घेताना डबी उघडून पाहायची. खालच्या कडेच्या मधल्या खिडकीत तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा छोटा चौकोन दिसला पाहिजे. तो टेपला हेडवर दाबून धरतो. डिंक वाळून तो गळून पडला असेल तर आवाज दबका आणि हेलकावणारा येतो, पण टेप चांगली असेल तर दुसऱ्या कॅसेटमधला नमदा बसवता येतो, म्हणून एवढ्यावरून कॅसेट नाकारू नये. मग पेन्सिल घालून चक्र फिरवायचं. सहज फिरलं तर ठीक. अडलं तर कवच उन्हाने वाकलं आहे, टेप काढून नव्या कवचात घालावी लागेल. पाच स्क्रूंचं कवच असेल तर हे काम सोपं, चिकटवलेलं असेल तर सुरीने फोडावं लागतं. टेपची कड सुरकुतलेली दिसली तर एका बाजूचा आवाज जाणारच. ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप ६० मिनिटांवाल्यापेक्षा पातळ असते आणि लवकर ताणली जाते, दोन्ही मिळाल्या तर ६० ची आधी घ्यावी.

घेतलेली कॅसेट गाडीच्या काचेमागे ठेवू नये. बंद गाडीत सप्टेंबरच्या उन्हातही कवच मऊ होण्याइतका ताप होतो. बर्फाशिवायच्या थर्मोकोलच्या पेटीत, सीटखाली. घरी गेल्यावर लगेच वाजवायची नाही : एक दिवस खोलीत ठेवायची, एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्यायची म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात, टेप-डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं आणि पहिल्याच वाजवण्यात संगणकावर उतरवून घ्यायची. दुसरी संधी मिळेलच असं नाही. डॉल्बीचं बटण बंद. या कॅसेटी बहुतेक साध्या यंत्रावर, डॉल्बीशिवाय उतरवलेल्या असतात. बटण दाबलं की खरखर कमी होते, पण तिच्यासोबत झांजेची किणकिण आणि गिटारची धारही जाते. आवाज बोदा वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून झांज सर्वांत स्वच्छ कुठे लागते ते शोधायचं. मूळ यंत्राचं हेड ज्या कोनात होतं तो कोन असा सापडतो. आणि हे उतरवलेलं इंटरनेटवर चढवण्याआधी बँडच्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारायचं.

दुपारी विंडो रॉक, पंचवीसेक मैल. नवाहो नेशनची ही राजधानी, खडकाला आरपार पडलेल्या गोल भोकावरून नाव. शेजारच्या फोर्ट डिफायन्सला जन्मलेल्या रेव्हन चाकोन यांना २०२२ मध्ये संगीतरचनेचं पुलित्झर मिळालं. रेझवरच्या शाळकरी मुलांना तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी रचना करायला शिकवण्यात त्यांनी अनेक वर्षं घातली. आय डोंट कन्फॉर्म हा मेटल बँडही इथलाच. मेटॅलिकाचे गाजलेले अल्बम करणारे डॅनिश निर्माते फ्लेमिंग रासमुसेन यांनी त्यांच्यासोबत अल्बम केला. नवाहो कौन्सिलचे सदस्य राहिलेले एडमंड याझी स्वतः मेटल बँडचे ड्रमर. आजच्या तरुणांचं मेटल हे आजोबांच्या कंट्रीचं पुढचं पान आहे : तेच हॉल, तेच अंतर, तेच उसने अ‍ॅम्प.

रात्री जत्रेत नाच. दाराशी रोख पैसे लागतात. फरशीवर जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, बाहेरची कड वेगाने जाणाऱ्यांची, नवख्यांनी आतल्या बाजूला राहावं. पाऊल : दोन जलद, दोन संथ. गाण्यांच्या मधे निवेदन दोन भाषांत, आणि गाणं अर्पण होतं ते गावाला किंवा घराण्याला. आपल्या गावचं नाव आलं की त्या कोपऱ्यातून आरोळी उठते.

उघड्यावरच्या अशा कार्यक्रमांत आवाज का बिघडतो, हे जवळून पाहण्यासारखं आहे. वीज जनरेटरची. गिटारचे दोन अ‍ॅम्प, बेसचा एक, गायनाचे स्पीकर हे सगळं पाच किलोवॉटच्या जनरेटरवर सहज चालतं. पण दिवे त्याच जनरेटरवर टाकले आणि ते मंद-प्रखर करणारं यंत्र जोडलं, की सिंगल-कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे पिकअप असलेल्या गिटारांत भुणभुण शिरते. दिव्यांना वेगळा जनरेटर हाच उपाय. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला शंभर फुटांवर ठेवायचा, नाहीतर माईकमधून त्याचीच घरघर ऐकू येते. एवढ्या अंतराला बारीक वायर टाकली तर वाटेतच दाब पडतो, आणि व्हॅक्यूम ट्यूबांचा अ‍ॅम्प मोठ्या आवाजाला दबकतो. लोक गिटारवाल्याला दोष देतात, दोष वायरचा असतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारठा, त्यामुळे गाडीतून काढलेली गिटार लगेच सुरात लावून उपयोग नाही. पोलादी तारा थंडीने आखडतात, सूर वर चढतो, आणि तिसऱ्या गाण्याला बेस आणि गिटार फाटतात. अर्धा तास मंचावर उघडी ठेवायची आणि मग लावायची. माईकच्या जाळीत लाल धूळ बसते, आतला स्पंज काढून धुऊन वाळवला की ‘स’ आणि ‘त’ पुन्हा ऐकू येतात. हे सगळं सांभाळत, दोनशे मैलांवरून सामान आणून, सकाळी पुन्हा कामावर जाणाऱ्यांनी ही गाणी वाजवली. त्यात उसनं काय राहिलं?

सहावा दिवस, रविवार : गॅलप ते अल्बुकर्की

परत फिनिक्सला ३३० मैल जाता येतं, पण गाडी अल्बुकर्कीला सोडण्याचं जादा भाडं परवडत असेल तर पूर्वेला निघावं. आय-४० वर एक्झिट ३३ फोर्ट विंगेटचा. जुनी लष्करी छावणी, पुढे निवासी शाळा, लाल कड्यांखालचं शांत खोरं. विंगेट व्हॅली बॉइज या खोऱ्यातले.

वीस मैलांनी एक्झिट ५३, थोरो. पाटीवर तीच स्पेलिंग जी ‘वॉल्डन’ लिहिणाऱ्या हेन्री डेव्हिड थोरोची, पण स्थानिक माणूस ‘थ्रू’ म्हणतो. थोरो म्हटलं की तो ओळखतो, आपण बाहेरचे. रेल्वेचा रूळ, शाळा, चॅप्टर हाउस, पेट्रोलपंप, उत्तरेला क्राउनपॉइंटकडे जाणारा रस्ता. फेंडर्स या गावातून निघाले, सगळे दिने, गिटारच्या कंपनीचं नाव बँडला घेऊन. स्मारक, पाटी काही नाही.

अल्बुकर्कीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक्सआयटी हा बँड उभा राहिला. मोटाउन या मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या रेअर अर्थ या लेबलवर त्यांचा पहिला अल्बम १९७२ साली आला, आणि त्यांनी रॉकमध्ये दिने भाषा गायली. मोठ्या कंपनीपर्यंत पोचलेले ते थोडे. बाकीचे रेझवर आणि तिच्या आसपासच वाजत राहिले.

थोरोहून निघताना ६६० चालूच ठेवावा. पूर्वेकडे जाताना आवाज पातळ होत जातो, खरखर वाढते. तोवर निवेदक पुढच्या शनिवारचं सांगत असतो : कुठल्या चॅप्टरला नाच आहे, दार किती वाजता उघडणार, माणशी किती, आणि वाजवणार कोण.